आधी शंभरातल्या एकाला

एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतलेले दोन फोन. दोन्हींत व्हॉट्सअ‍ॅपची एकच आवृत्ती. तरी बहिणीच्या फोनमध्ये नवी सोय दिसते आणि भावाच्या फोनमध्ये दिसत नाही. मग घरात चर्चा सुरू होते. कोणी म्हणतं, अपडेट कर. कोणी म्हणतं, फोन बंद करून चालू कर. कोणी सरळ फोनलाच नावं ठेवतं. चार-सहा दिवसांनी ती सोय भावाच्या फोनमध्येही आपोआप येते आणि विषय संपतो.

भावाच्या फोनमध्ये बिघाड नव्हता. ती सोय त्याच्या फोनमध्ये आधीच येऊन बसली होती, फक्त तिचा खटका बंद होता. तो खटका हजारो मैल दूर बसलेल्या कोणीतरी नंतर चालू केला. सॉफ्टवेअरच्या जगात याला 'फीचर टॉगल' किंवा 'फीचर फ्लॅग' म्हणतात. मी याला खटकाच म्हणणार आहे. घरातल्या दिव्याच्या बटणासाठी आपले जुने लोक वापरतात तोच हा शब्द.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. संगणकशास्त्र हा माझा विषय नाही. पण माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. त्यानं या खटक्याची गोष्ट सांगितली आणि मी त्या वाटेनं वाचत गेलो. वाचताना जाणवलं की हा विषय यंत्राचा कमी आणि माणसांचा जास्त आहे. आज रेशन, शिष्यवृत्ती, परीक्षेचा अर्ज, बँकेचा व्यवहार, सगळं पडद्यावर आलं आहे. त्या पडद्यावरचा बदल आधी कोणाला द्यायचा आणि नंतर कोणाला, हे कोणीतरी ठरवत असतं. हळूहळू देण्याची ही रीत आली कुठून, आणि ती नेमकं कोणाला वाचवते, एवढंच या लेखात पाहायचं आहे.

खटका म्हणजे काय

सॉफ्टवेअर म्हणजे शेवटी सूचनांची यादी. त्या यादीत एक ओळ घालायची: खटका चालू असेल तर नव्या वाटेनं जा, नाहीतर जुन्या वाटेनं जा. दोन्ही वाटा यादीत लिहिलेल्या असतात. खटक्याची स्थिती मात्र यादीबाहेर, वेगळ्या जागी नोंदवलेली असते. त्यामुळे अख्खी यादी पुन्हा न पाठवता नुसता खटका फिरवून वाट बदलता येते.

आता हा खटका सगळ्यांसाठी एकदम चालू करण्याची सक्ती नाही. 'शंभरातल्या एकाला' असं ठरवता येतं. प्रत्येक वापरकर्त्याला कंपनीच्या नोंदवहीत एक क्रमांक असतो. त्या क्रमांकावर गणित करून शून्य ते नव्व्याण्णवमधला एक आकडा काढतात. एक टक्का लोकांना सोय द्यायची असेल तर ज्यांचा आकडा शून्य आला त्यांना ती दिसते. पाच टक्के करायचे तर शून्य ते चार. गणित तेच राहतं, म्हणून एका माणसाला दरवेळी तेच उत्तर मिळतं; सकाळी सोय दिसली आणि संध्याकाळी गायब झाली असं होत नाही. बहिणीला आधी मिळालं ते या आकड्यामुळे. त्यात फोनचं कौतुक नाही आणि नशिबाचंही नाही.

या साध्या युक्तीनं दोन कामं एकमेकांपासून वेगळी झाली. वस्तू पोहोचवणं हे एक काम आणि वस्तू लोकांसमोर उघडणं हे दुसरं. पूर्वी ही दोन्ही एकच होती. सॉफ्टवेअर सीडीवर येई, खोक्यात बंद असे, दुकानात विकलं जाई. २४ ऑगस्ट १९९५ या दिवशी 'विंडोज ९५' बाजारात आलं, तेव्हा तारीख एक होती आणि ती सगळ्यांसाठी एकच होती. खोकं घरी गेलं की कंपनीचा हात सुटला. चूक राहिली तर ती खोक्याबरोबरच घरोघरी गेली.

फ्लिकरचं अंगण

खटक्याला नाव आणि प्रतिष्ठा मिळाली ती बहुतांशी 'फ्लिकर' या फोटोंच्या संकेतस्थळामुळे. फ्लिकर २००४ साली कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी याहूनं ते विकत घेतलं. जून २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथं एका परिषदेत फ्लिकरचे जॉन ऑलस्पॉ आणि पॉल हॅमंड यांनी भाषण केलं. आम्ही दिवसातून दहापेक्षा जास्त वेळा चालत्या संकेतस्थळावर बदल चढवतो, असा त्यांच्या भाषणाचा विषय होता. त्या काळात अनेक ठिकाणी असे बदल महिन्या-दोन महिन्यांनी, रात्री उशिरा, जीव मुठीत धरून चढवले जात. त्यामुळे 'दिवसातून दहा वेळा' ऐकून लोक चक्रावले.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फ्लिकरच्या रॉस हार्म्स यांनी ही किमया कशी साधते ते लिहून काढलं. मूळ अडचण काय होती ते शाळेच्या उदाहरणानं सांगतो. समजा, शाळेच्या वार्षिक अंकाचं काम चार शिक्षकांकडे आहे. प्रत्येकानं अंकाची एकेक प्रत घरी नेली आणि तीन महिने आपापल्या प्रतीत दुरुस्त्या केल्या. शेवटी चारही प्रती समोर ठेवून एक करायला बसलो की काय गोंधळ होईल? एकानं पान हलवलेलं, दुसऱ्यानं तेच पान कापलेलं, तिसऱ्यानं त्यावर नवी कविता चिकटवलेली. सॉफ्टवेअरमध्ये अशा वेगळ्या प्रतींना फांद्या म्हणतात आणि त्या शेवटी जोडणं हे डोकेदुखीचं काम असतं.

फ्लिकरनं ठरवलं की फांद्या नकोत. सगळे एकाच प्रतीत, एकाच अंगणात काम करतील. ज्याचं काम अर्धवट असेल त्यानं त्यावर खटका लावून तो बंद ठेवायचा. अर्धवट सोय लोकांपर्यंत जाईल खरी, पण कोणाला दिसणार नाही. तयार झाली की आधी फक्त कंपनीतल्या माणसांसाठी चालू, मग चाचणीला तयार असलेल्या थोड्या लोकांसाठी, मग सगळ्यांसाठी. आणि एखादी सोय संकेतस्थळाला जड जाऊ लागली तर तेवढीच बंद करायची; घरातला एक दिवा बिघडला म्हणून मुख्य बटण पाडायचं कारण नाही.

उर्दूत 'बतदरीज' असा एक शब्द आहे. अर्थ हळूहळू, क्रमाक्रमानं. त्याचं मूळ अरबीतल्या 'दरजा' या शब्दाच्या घरातलं आहे. दरजा म्हणजे पायरी. तोच शब्द मराठीत 'दर्जा' होऊन आला आणि आपण त्याचा अर्थ प्रत, गुणवत्ता असा करतो. पायरी आणि गुणवत्ता एकाच मुळातून आलेल्या आहेत, हे मला वर्गात सांगायला नेहमी आवडतं. फ्लिकरच्या मंडळींना हा शब्द माहीत असण्याचं कारण नाही, पण काम त्यांनी बतदरीजच केलं.

अंधारातली तालीम

याच्या आदल्या वर्षी फेसबुकनं खटक्याचा एक वेगळाच उपयोग करून दाखवला होता. एप्रिल २००८ मध्ये त्यांना गप्पांची सोय सुरू करायची होती. तेव्हा फेसबुकचे सुमारे ७ कोटी वापरकर्ते होते. गप्पांमध्ये नुसता निरोप पोहोचवून भागत नाही. कोण आत्ता हजर आहे आणि कोण गेला, हे प्रत्येकाच्या प्रत्येक मित्राला सतत कळवत राहावं लागतं. एवढा भार यंत्रं पेलतील का, हे कागदावर गणित करून पुरतं कळत नाही.

म्हणून त्यांनी आधी अंधारात तालीम केली. लोक नेहमीसारखं फेसबुकचं पान उघडत. पडद्यावर गप्पांची खिडकी नसे, कसलीही खूण नसे. पण पान मागच्या मागे गप्पांच्या यंत्रांशी जोडणी करी, कोण हजर आहे ते विचारी, खोटे निरोप पाठवून पाही. भार खरा आणि सोय अदृश्य. त्यातून जिथं दोर कच्चा दिसला तिथं तो बदलला आणि मग खिडकी दाखवली. याला 'डार्क लाँच' असं नाव पडलं. लग्नाच्या जेवणाआधी आचारी रिकाम्या चुलीवर पाण्यानं भरलेली डेग चढवून चूल पेलते का ते पाहतो, तसाच हा प्रकार.

फेसबुकनं पुढे या खटक्यांसाठी 'गेटकीपर' नावाची यंत्रणा उभारली. गेटकीपर म्हणजे द्वारपाल. कोणाला आत सोडायचं हे तो ठरवतो: आधी कंपनीतले कर्मचारी, मग एखाद्या भागातले थोडे लोक, मग टक्क्याटक्क्यानं वाढवत सगळे. द्वारपालाचा डोळा चुकला तर काय होतं तेही दिसलं. डिसेंबर २०१० मध्ये कंपनीतल्या माणसांपुरत्या ठेवलेल्या काही अर्धवट सोयी बाहेरच्या लोकांना दिसू लागल्या आणि फेसबुकला काही मिनिटांसाठी संकेतस्थळच बंद करावं लागलं.

थोड्या लोकांवर आधी पाहण्याच्या या रीतीला आणखी एक नाव आहे, 'कॅनरी रिलीज'. हे नाव कोळशाच्या खाणींतून आलं. खाणीत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञानं सुचवलं की खाणीत लहान प्राणी-पक्षी सोबत न्यावेत. पिंजऱ्यातला कॅनरी पक्षी माणसाच्या आधी कोलमडतो आणि कामगारांना बाहेर पडायला वेळ मिळतो. ब्रिटनमधल्या खाणींत ही पद्धत १९८६ पर्यंत चालू होती. सॉफ्टवेअरमध्ये पहिला एक टक्का म्हणजे तो कॅनरी. हे नाव ज्यांनी दिलं त्यांनी फार विचार केला नसेल, पण नाव मोठं प्रामाणिक आहे. कॅनरीला कोणी विचारून पिंजऱ्यात ठेवलं नव्हतं. हा धागा मी पुढे पुन्हा उचलणार आहे.

जुना खटका, नवं नाव

इथपर्यंतची गोष्ट ऐकून वाटेल की खटका म्हणजे सर्व दुखण्यांवरचं औषध. १ ऑगस्ट २०१२ च्या सकाळी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात जे घडलं ते या समजुतीवरचं उत्तर आहे.

'नाइट कॅपिटल' ही शेअरांची खरेदी-विक्री करणारी मोठी अमेरिकन कंपनी. त्या दिवशी न्यूयॉर्क शेअर बाजार किरकोळ गुंतवणूकदारांसाठी एक नवी योजना सुरू करणार होता. त्यासाठी नाइटनं आपल्या यंत्रणेत नवी सूचनायादी तयार केली. तिला एक खटका हवा होता. नवा खटका करण्याऐवजी त्यांनी एक जुना, पडून असलेला खटका घेतला आणि त्याला नवं काम दिलं. तो खटका पूर्वी 'पॉवर पेग' नावाच्या एका सोयीचा होता. ती सोय २००३ नंतर वापरात नव्हती, पण तिच्या सूचना यंत्रांत तशाच पडून होत्या.

नवी यादी आठ यंत्रांवर चढवायची होती. सातांवर चढली. आठव्यावर चढवायची राहून गेली, आणि ती चढली की नाही हे दुसऱ्या माणसानं तपासायचं, असा नियमच तिथं नव्हता. बाजार उघडला. सात यंत्रांवर खटक्याचा अर्थ होता 'नवी योजना'. आठव्यावर त्याच खटक्याचा अर्थ होता 'पॉवर पेग'. नऊ वर्षं झोपलेली सोय जागी झाली. मागणीएवढी खरेदी झाली की थांबायचं, हे सांगणारा तिचा भाग २००५ मध्ये दुसरीकडे हलवला गेला होता. त्यामुळे ती थांबेना.

सुमारे ४५ मिनिटांत त्या यंत्रणेनं १५४ कंपन्यांच्या शेअरांमध्ये ४० लाखांहून अधिक सौदे केले. मूळ मागण्या होत्या फक्त २१२. घाईघाईनं दुरुस्ती करताना माणसांनी नीट चाललेल्या सात यंत्रांवरून नवी यादी उतरवली. त्याबरोबर तिथंही जुनी सोय जागी झाली आणि आग आठही घरांत पसरली. तोटा ४४ कोटी डॉलरच्या पुढे गेला. बाजार उघडण्याआधी त्या यंत्रणेनं चुकीची सूचना देणारे ९७ ईमेल कंपनीतल्या माणसांना आपोआप पाठवले होते. त्यावर वेळेत कोणी कृती केली नाही. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या बाजार नियामकानं कंपनीकडून १ कोटी २० लाख डॉलर दंड वसूल केला. तोवर नाइट कॅपिटल दुसऱ्या कंपनीत विलीन झाली होती.

या प्रकरणातून एक साधी गोष्ट शिकण्यासारखी आहे. खटका तात्पुरता असतो. काम झालं की तो काढून टाकायचा, त्यामागची जुनी वाटही बुजवायची. मार्टिन फाउलर यांच्यासारखे जाणकार खटक्यांबद्दल लिहीत आले आहेत तेव्हापासून हेच सांगत आहेत. पण जुनं काढून टाकण्यात कोणाला कौतुक मिळत नाही. भिंतीवर कशाचं आहे ते कोणालाच न आठवणारं एखादं बटण प्रत्येक जुन्या घरात असतं. घरात ते बटण निरुपद्रवी असेल, पण शेअर बाजारात त्यानं कंपनी बुडवली.

जिथं खटका नव्हता

खटका असून झालेलं नुकसान पाहिलं. आता तो नसल्यामुळे झालेलं पाहू.

१९ जुलै २०२४, शुक्रवार. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी 'क्राउडस्ट्राइक' या सुरक्षा कंपनीनं आपल्या ग्राहकांच्या विंडोज संगणकांवर एक छोटी फाइल पाठवली. नव्या धोक्यांची ओळख पटवणाऱ्या अशा फायली ती नेहमीच पाठवत असे. मोठ्या अपडेटच्या बाबतीत ग्राहकाला थांबण्याची मुभा होती. या छोट्या फायली मात्र सगळ्यांना एकदम जात. त्या फाइलमुळे संगणक कोसळून निळा पडदा दाखवू लागले. ७८ मिनिटांनी कंपनीनं फाइल मागे घेतली, पण तोवर जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले होते, असा मायक्रोसॉफ्टचा अंदाज आहे. बंद पडलेल्या संगणकाला दुरून दुरुस्ती पाठवता येत नाही. प्रत्येकाजवळ माणूस जाऊन बसावा लागला.

त्या दिवशी भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. त्यांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले, हसलोही. पण दवाखान्यांतल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या, बँकांचे व्यवहार अडले. आधी शंभरातल्या एकाला पाठवून तासभर वाट पाहिली असती तर एवढं घडलं नसतं. त्यानंतर कंपनीनं जाहीर केलं की यापुढे अशा फायलीही टप्प्याटप्प्यानं जातील आणि त्या कधी घ्यायच्या यावर ग्राहकाचं नियंत्रण असेल.

१२ जून २०२५ रोजी गूगलच्या क्लाउड सेवा जगभर कोलमडल्या. नवा भाग २९ मे रोजीच चढवला होता, पण तो झोपलेला होता. रिकामे रकाने असलेली एक नोंद आली, तेव्हा तो पहिल्यांदा जागा झाला आणि कोसळला. ती नोंद काही सेकंदांत जगभर पसरली होती, म्हणून कोसळणंही जगभर झालं. गूगलनं आपल्या अहवालात कबूल केलं की हा भाग खटक्यामागे ठेवलेला नव्हता आणि ठेवला असता तर दोष आधीच सापडला असता. ज्या कंपनीकडे या विद्येचे जाणकार खंडीनं आहेत तिथंही एक खटका लावायचा राहून जातो.

आपल्याकडचा एक मोठा खटका

हा खटका नेहमी कंपनीच्याच हातात असतो असं नाही. मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळानं, म्हणजे एनपीसीआयनं, व्हॉट्सअ‍ॅपच्या बाबतीत तो आपल्या हातात ठेवला.

व्हॉट्सअ‍ॅपवरून पैसे पाठवण्याची सोय फेब्रुवारी २०१८ मध्ये चाचणी म्हणून सुमारे १० लाख लोकांना मिळाली. तिथंच ती दीर्घकाळ थांबली. व्हॉट्सअ‍ॅपचे भारतात त्या काळात ४० कोटींच्या आसपास वापरकर्ते होते. सगळ्यांना एका रात्रीत यूपीआयचं दार उघडून देणं म्हणजे धरणाचे सगळे दरवाजे एकदम उचलणं. ५ नोव्हेंबर २०२० रोजी एनपीसीआयनं परवानगी दिली, पण जास्तीत जास्त २ कोटी वापरकर्त्यांपुरती. नोव्हेंबर २०२१ मध्ये मर्यादा ४ कोटी झाली. एप्रिल २०२२ मध्ये १० कोटी. ३१ डिसेंबर २०२४ रोजी मर्यादा काढून टाकली.

यात सगळंच यंत्रांच्या भाराचं नव्हतं. कोणत्याही एका अ‍ॅपच्या हाती यूपीआयचा फार मोठा हिस्सा जाऊ नये, हाही विचार त्या दिवसांत चालू होता. ५ नोव्हेंबरलाच एका अ‍ॅपमागे ३० टक्क्यांची मर्यादाही जाहीर झाली होती. मला महत्त्वाचं वाटतं ते असं: या खटक्याच्या प्रत्येक पायरीची तारीख आणि आकडा जाहीर होता. कोणाला मिळालं, कोणाला नाही आणि कोणाच्या हुकमानं, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला कळत होतं. आपल्या फोनमधल्या बाकीच्या खटक्यांबद्दल असं म्हणता येत नाही.

त्या एका टक्क्यात आपण किती?

आता कॅनरीकडे परत येतो. खटका लावून लोकांचे दोन गट करता येतात, हे कळल्यावर माणसाला दुसरी गोष्ट सुचतेच: दोन गटांना वेगवेगळं दाखवून कोण कसं वागतो ते पाहू. जानेवारी २०१२ मध्ये फेसबुकनं आठवडाभर हेच केलं. ६,८९,००३ वापरकर्ते यात होते. काहींच्या पानावरून आनंदी मजकूर कमी केला, काहींच्या पानावरून दुःखी, आणि मग ते स्वतः काय लिहितात ते मोजलं. जून २०१४ मध्ये यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला, तेव्हा जगभर संताप उसळला. निष्कर्षात सापडलेला परिणाम अगदी किरकोळ होता. लोकांना खुपलं ते न विचारणं. सावधगिरीसाठी बनलेल्या विद्येनं इथं माणसाच्या मनाशी खेळ केला, तोही त्याच्या नकळत.

दुसरा मुद्दा याहून शांत आहे, आणि तो मला जास्त टोचतो, कारण तो माझ्या रोजच्या कामाशी जोडलेला आहे.

उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात. पण तिच्यातले आकडे डावीकडून उजवीकडे वाचतात. एकच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगळं रूप घेतं, शेजाऱ्याचा हात धरतं. नस्तालीक वळणात तर शब्द वरून खाली उतरत येतो, त्याला ओळीत जास्त उंची लागते. हे सगळं पडद्यावर नीट उमटण्यासाठी अ‍ॅप बनवणाऱ्यानं वेगळी मेहनत घ्यावी लागते. मागे एका अ‍ॅपमध्ये नवा बदल आला आणि माझ्या नववीच्या मुलांना पाठवलेल्या उर्दू प्रश्नांची अक्षरं सुटी झाली, शब्दांची डोकी कापली गेली, प्रश्नचिन्ह भलत्याच टोकाला गेलं. मराठीचे प्रश्न व्यवस्थित होते. मी तक्रार नोंदवली. उत्तर आलं की हा बदल टप्प्याटप्प्यानं तपासूनच सर्वांना दिला आहे.

ते उत्तर खोटं नव्हतं. गणित करून पाहू. समजा, एका अ‍ॅपचे एक कोटी वापरकर्ते आहेत. एक टक्का म्हणजे एक लाख. त्यांत पाचशेमागे एक जण उर्दूत लिहिणारा असेल तर झाले दोनशे. त्या दोनशेच्या दोनशे जणांचा पडदा बिघडला तरी एकूण हिशेबात फरक पडतो ०.२ टक्क्यांचा. आलेखावर ती रेघ हललेलीही दिसत नाही. आणि खरं सांगायचं तर तेवढीही हलत नाही, कारण अक्षरं तुटली म्हणून अ‍ॅप कोसळत नाही. यंत्र कोसळणं मोजतं. न वाचता येणं मोजत नाही. खाणीतला कॅनरी निदान सगळ्यांसमोर पडत होता. इथं तो अशा कोपऱ्यात पडतो जिथं कोणी बघतच नाही. मग हिरवा दिवा लागतो, एकाचे दहा टक्के होतात, दहाचे शंभर.

ही फक्त उर्दूची गोष्ट नाही. पडदा ऐकून वापरणारे अंध विद्यार्थी, पाच-सात वर्षं जुना फोन वापरणारं कुटुंब, जिथं नेट अधूनमधूनच येतं ती वाडी, सगळ्यांची गत हीच. सरासरीत जे दिसत नाहीत त्यांच्यापर्यंत सरासरीची सावधगिरी पोहोचत नाही.

यावर उपाय खटका टाकून देणं हा नाही. एकदम सगळ्यांवर आदळणाऱ्या बदलांचा अनुभव आम्हा शिक्षकांना भरपूर आहे. एका सोमवारी फर्मान येतं की आजपासून सगळ्या शाळांची माहिती नव्या पोर्टलवरच भरायची. सगळे एकाच वेळी तुटून पडतात, पोर्टल मान टाकतं, आणि भरलं नाही म्हणून खुलासा मात्र शिक्षकाकडून मागितला जातो. आधी दहा शाळांना, मग एका तालुक्याला, मग जिल्ह्याला, असं केलं असतं तर दहा शाळांनीच बिघाड दाखवून दिला असता. पायरीपायरीनं जाणं हीच शहाणी रीत आहे, याबद्दल मला शंका नाही.

उपाय त्या पहिल्या मूठभर लोकांच्या निवडीत आहे. खटक्याच्या यंत्रणा भाषा, देश, फोनचा प्रकार पाहून गट करू शकतात. ते तंत्र तयार आहे. तेव्हा प्रत्येक लहान गटाचा हिशेब वेगळा मांडायचा. उर्दूवाल्यांचा वेगळा, जुन्या फोनवाल्यांचा वेगळा. दोनशेंपैकी दोनशे पडदे बिघडले तर तो आकडा ०.२ टक्के नसतो, शंभर टक्के असतो. फक्त भागाकार कशानं करायचा ते ठरवावं लागतं. आणि आपल्या बाजूनं करायचं काम म्हणजे तक्रार नोंदवत राहणं. 'आपल्याला सवयच आहे' असं म्हणून अक्षरं तुटलेली चालवून घेतली तर आलेखावरची रेघ कधीच हलणार नाही.

त्या अ‍ॅपमधली अक्षरं सात-आठ आठवड्यांनी पुन्हा जोडली गेली. दुरुस्ती कोणी केली, कोणत्या तक्रारीवरून केली, ते कळलं नाही. आमच्या शाळेतून तोवर अकरा तक्रारी गेल्या होत्या. त्यातल्या नऊ मुलांनी लिहिल्या होत्या, मराठीत.